लेमाँच्या काठची तीन नगरे

जिनिव्हा शहराच्या पश्चिम टोकाला आगगाडीचा एक उंच पूल आहे; त्याच्या कडेने पादचाऱ्यांसाठी राखलेल्या वाटेवर उभे राहून खाली पाहिले असता दोन नद्यांचा संगम दिसतो, आणि तो संगम असा आहे, की एका पात्रात आल्यानंतरही त्या दोघी बराच वेळ एकमेकींत मिसळत नाहीत. मों ब्लाँच्या हिमनद्यांतून उतरलेली आर्व्ह राखाडी, दुधट, गाळाने जड झालेली. तर जिनिव्हा शहरातून आलेली ऱ्होन हिरवट निळी आणि तळ दिसावा इतकी नितळ. माझ्या पत्नीने तीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकविला. कठड्याला टेकून ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, “अहो, ही ऱ्होनसुद्धा हिमनदीच्याच पोटातून निघते ना? मग हिचा गाळ गेला कुठे?”

गाळ राहिला आहे सरोवराच्या तळाशी. ऱ्होन नदी पूर्वेकडून ज्या सरोवरात शिरते आणि जिनिव्हापाशी ज्यातून बाहेर पडते, त्याला आपण जिनिव्हाचे सरोवर म्हणतो. मात्र काठावरचे लोक त्याला ‘लेमाँ’ या प्राचीन नावानेच ओळखतात. चंद्रकोरीच्या आकाराचे, सुमारे ७३ किलोमीटर लांबीचे, ५८० चौरस किलोमीटर विस्ताराचे आणि सर्वांत खोल जागी ३१० मीटर खोल असलेले हे सरोवर हिमयुगातील हिमनदीने कोरले. त्याचा दक्षिण काठ बहुतांशी फ्रान्सच्या हद्दीत आणि उत्तर काठ स्वित्झर्लंडच्या. आठ दिवसांत दहा राजधान्या दाखविणाऱ्या सहलीचे पैसे आम्ही भरले नव्हते. आमचा बेत एवढाच होता, की पाणी जेथून बाहेर पडते तेथून निघावे आणि ते जेथे आत येते तेथपर्यंत, वाटेतील नगरे पाहत, शक्य तितके बोटीनेच जावे.

जिनिव्हाचा पूल फार जुना. इसवी सनपूर्व ५८ मध्ये हेल्व्हेशियन टोळ्यांची वाट रोखण्यासाठी ज्युलियस सीझरने येथील पूल मोडून टाकला आणि त्याची नोंद आपल्या युद्धवृत्तान्तात केली. शहराचे नाव इतिहासात प्रथम येते ते तेथे. परंतु आज दिसणाऱ्या जिनिव्हाची घडण समजून घ्यावयाची असेल, तर १५३६ या एका सालापाशी थांबावे लागते. तोवर नगरावर सत्ता बिशपची आणि सभोवारच्या मुलखावर अंमल सव्हॉयच्या ड्यूकचा, अशी दुहेरी कोंडी होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात नागरिकांनी एकत्र येऊन, हात वर करून, धर्मसुधारणेचा स्वीकार केला. आणि त्याच वर्षी एका रात्रीच्या मुक्कामासाठी आलेल्या जाँ कॅल्विन या तरुण फ्रेंच पंडिताला नगरातील धर्मोपदेशकाने आग्रहाने ठेवून घेतले. दोन वर्षांत त्याला हद्दपार करण्यात आले, १५४१ साली सन्मानाने परत बोलाविण्यात आले, आणि १५६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने या नगराच्या आचारविचारांना जी शिस्त लावली तिचा ठसा सेंट पीटरच्या कॅथेड्रलमध्ये अजून दिसतो. मूर्ती नाहीत, चित्रे नाहीत. केवळ दगड आणि प्रकाश. ती शिस्त निष्ठुर होती, आणि मतभेदासाठी माणसे तिने जाळलीही, हे विसरून त्या शांततेची स्तुती करणे मला जमणार नाही. परंतु दागदागिन्यांवर बंधने आली तेव्हा सोनारांचे कसब घड्याळांकडे वळले, फ्रान्समधून छळाला कंटाळून आलेल्या कारागिरांनी त्यात भर घातली, आणि १६०१ साली येथे घड्याळजींचा संघ स्थापन झाला, हेही त्याच इतिहासाचे दुसरे अंग आहे.

सरोवराच्या मुखाशी १४० मीटर उंच उसळणारे कारंजे प्रत्येक प्रवासी पाहतो. त्याचे मूळ मात्र शोभेत नाही. कारागिरांच्या यंत्रांना दाबाखालील पाणी पुरविणारे एक जलशक्तिकेंद्र ऱ्होनच्या पात्रात होते. सायंकाळी यंत्रे थांबली की दाब अनावर वाढे, आणि तो मोकळा करण्यासाठी १८८६ साली पाण्याला वर वाट काढून दिली. लोकांना ते दृश्य इतके आवडले, की १८९१ साली कारंजे मुद्दाम सरोवरात आणून बसविले. आज त्यातून दर सेकंदाला ५०० लिटर पाणी उडते.

जुन्या नगरातील नगरभवनात एक दालन आहे, त्यात २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसंबंधीच्या पहिल्या करारावर सह्या केल्या. सोल्फेरिनोच्या रणांगणावर तडफडणारी माणसे पाहून हेलावलेला आणि अशा कराराची कल्पना मांडणारा आंरी द्युनाँ हा याच नगराचा पुत्र. अनेक तहनामे मुलूख वाटून घेण्यासाठी झाले. हा शत्रूच्याही जखमेवर पट्टी बांधण्यासाठी झाला, म्हणून त्या दालनाबाहेर उभे असता मला जे वाटले ते एखाद्या देवळाच्या पायरीवर वाटावे तसे होते.

मराठी माणसाने जिनिव्हात आणखी एका ठिकाणी अवश्य जावे. ज्यांच्यामार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर, लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने, १९०६ साली सावरकर लंडनला गेले, ते श्यामजी कृष्ण वर्मा लंडन आणि मग पॅरिस सोडून १९१४ साली या नगरात आले आणि ३० मार्च १९३० रोजी येथेच निवर्तले. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नी भानुमती यांच्या अस्थी सेंट जॉर्जच्या दफनभूमीत जपून ठेविल्या होत्या. स्वतंत्र झालेल्या मायदेशी त्या जाव्यात ही श्यामजींची इच्छा पुरी व्हायला २००३ साल उजाडावे लागले. स्वातंत्र्यानंतर छप्पन्न वर्षे आपण त्यांना तेथे तिष्ठत ठेविले, याची खंत घेऊनच आम्ही दोघे त्या फाटकातून बाहेर पडलो.

लोझानला आगगाडी पाऊण तासाच्या आत पोचविते. बोटीला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि म्हणूनच बोटीने जावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या, दोन्ही बाजूंना चाके असलेल्या आठ जुन्या बोटी या सरोवराने जतन केल्या आहेत. त्यांतील ‘मॉन्त्रू’ १९०४ सालची, ‘ला स्वीस’ १९१०ची. वाटेत मोर्ज हे छोटे बंदर लागते. सरोवरांच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप देणारा फ्रांस्वा फोरेल येथला. लेमाँचे पाणी मधूनच एका टोकाला चढते व दुसऱ्या टोकाला उतरते, हे कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. वारा आणि हवेचा दाब यांमुळे सबंध सरोवर परातीतल्या पाण्यासारखे हेलकावते, आणि एक हेलकावा पुरा व्हायला सुमारे सव्वा तास लागतो, हे फोरेलने मोजमापे घेऊन दाखवून दिले. बंदर मागे पडेपर्यंत पत्नी कठड्यापासून हलली नाही.

लोझान डोंगराच्या उतारावर वसले आहे. उशी या बंदरापासून कॅथेड्रलपर्यंतचा चढ वयस्कांनी मेट्रोनेच चढावा. १२७५ साली पोप दहावे ग्रेगरी यांच्या हस्ते, हाब्सबुर्ग घराण्याच्या रुडॉल्फच्या उपस्थितीत, प्रतिष्ठा झालेल्या या कॅथेड्रलमध्येही १५३६ सालच येऊन उभे राहते. त्या वर्षी बर्नच्या फौजेने सव्हॉयकडून हा सारा व्हो प्रांत जिंकला, ऑक्टोबरात याच छताखाली दोन पंथांचा जाहीर वादविवाद झाला, त्यात कॅल्विनही बोलला, आणि मग मूर्ती हलल्या. येथली मौल्यवान धर्मवस्त्रे बर्नला गेली ती आजही तेथल्या संग्रहालयात आहेत. टिकून राहिला तो एक शिरस्ता. लाकडी घरांच्या नगरात आगीवर नजर ठेवण्यासाठी मनोऱ्यावर पहारेकरी असे. निदान १४०५ पासून हा पहारा चालू आहे. अजूनही रात्री दहापासून दोनपर्यंत, दर तासाला, तो चारही दिशांना तोंड करून किती वाजले ते पुकारतो. २०२१ साली या कामावर प्रथमच एका स्त्रीची नेमणूक झाली. आम्ही दहाच्या आधीच चौकात येऊन उभे राहिलो. घंटा झाली, दिवा हलला, आणि वरून आलेली ती हाक ऐकताना पत्नीने माझा हात धरला होता.

याच नगरात २४ जुलै १९२३ रोजी तुर्कस्तानशी झालेल्या तहावर सह्या झाल्या. त्याआधीच्या सेव्ह्रच्या तहाविरुद्ध हिंदुस्थानात खिलाफतीची चळवळ उसळली होती. तो तह लोझानने रद्द केला, पण त्याच वाटाघाटींत ग्रीस व तुर्कस्तान यांच्यामध्ये धर्माच्या आधारे लोकसंख्येची अदलाबदल ठरली आणि दहा लाखांहून अधिक माणसे घरदारास मुकली. सरोवराच्या शांत काठावर बसून दूरच्या रयतेचे भवितव्य ठरविले जाते तेव्हा काय होते, हे फाळणी सोसलेल्या देशाला निराळे सांगावयास नको.

लोझानच्या पुढे लाव्होच्या द्राक्षमळ्यांचे दगडी पायऱ्यापायऱ्यांचे उतार लागतात. बाराव्या शतकात मठवासीयांनी बांधावयास घेतलेल्या या भिंतींवर तीन सूर्य तापतात असे तेथले लोक म्हणतात: एक आकाशातला, एक पाण्यावरून परतलेला, आणि एक दगडात साठलेला. व्हेव्हेला चार्ली चॅप्लिनचा पुतळा आहे. आयुष्याची अखेरची सुमारे पंचवीस वर्षे तो त्या परिसरात राहिला. मॉन्त्रूला आम्ही उतरलो नाही.

कारण डोळे लागले होते शियोंच्या किल्ल्याकडे. काठालगतच्या खडकावर, पाण्यातूनच वर आल्यासारखा दिसणारा हा किल्ला सव्हॉय घराण्याच्या जकातीचे ठाणे होता. इटलीतून ग्रेट सेंट बर्नार्डच्या खिंडीने येणारा माल डोंगर आणि सरोवर यांमधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाई, आणि किल्ला चुकवून जाणे शक्य नव्हते. जिनिव्हाच्या स्वातंत्र्याचा कैवार घेणारा फ्रांस्वा बोनिव्हार हा मठाधिपती १५३० साली लोझानच्या वरच्या रानात पकडला गेला आणि येथे आणला गेला. शेवटची चार वर्षे तळघरातील खांबाला जखडून होता. मार्च १५३६ मध्ये बर्नची फौज जमिनीवरून आणि जिनिव्हाच्या नावा पाण्यावरून आल्या, आणि तो सुटला. पुढे जिनिव्हाला परतून त्याने आपल्या नगराचा इतिहास लिहिला. १८१६ साली शेलीसह आलेल्या बायरनने त्याच्यावर लिहिलेल्या काव्यातला बंदिवान पुष्कळसा कल्पित आहे. मला खरा बोनिव्हार अधिक मोठा वाटतो. त्या तळघराच्या झरोक्यांतून पाण्याचा प्रकाश छतावर हलत असतो, आणि ज्या पाण्याकडे तो चार वर्षे पाहत राहिला असेल ते त्याच्याच नगराकडे वाहत होते.

दुसऱ्या दिवशी ऱ्होनच्या मुखावरून बोट गेली. राखाडी पाणी सरोवरात थोडे अंतर शिरते आणि मग, थंड व गाळाने जड असल्यामुळे, निळ्या पाण्याखाली बुडी मारून दिसेनासे होते. “सापडला गाळ,” पत्नी म्हणाली. लेमाँमध्ये शिरलेले पाणी जिनिव्हाच्या पुलाखालून बाहेर पडावयास सरासरी अकरा वर्षे लागतात.