गिरणीतल्या तुषारांपासून ओल्या पॅडपर्यंत

१८७७ मध्ये सोलापुरात जुनी गिरणी उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. कापसाच्या सुताला कोरडी हवा सोसत नाही. धागा ठिसूळ होऊन तुटतो. म्हणून कापडगिरण्यांतून हवेत पाण्याचे बारीक तुषार सोडण्याची पद्धत रुजली. हेतू ओलाव्याचा, पण खात्यातली हवा त्यामुळे गारही होई. या क्रियेत बाहेरची उष्णता आत येत नाही, आतली बाहेर जात नाही. हवा स्वतःचीच उष्णता खर्चून पाण्याची वाफ करते आणि थंड होते. हेच ॲडियाबॅटिक कूलिंग.

या गारव्याला मर्यादा असते ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरची. एप्रिलच्या दुपारी ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर तो २२ अंशांच्या आसपास थांबतो. श्रावणात ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला मात्र २६ दाखवतो. म्हणजे ज्या उन्हाला आपण कंटाळतो, त्याच उन्हात पाणी अधिक गार करता येतं. माठाला हे आधीपासून ठाऊक आहे.

१९३०च्या दशकात माळीनगरला साखर कारखाना आला आणि पुढे जिल्हाभर कारखाने झाले. साखर कारखान्यांतही याच तत्त्वावर कंडेन्सरचं गरम पाणी तळ्यावर फवारून थंड करतात. शंभर लिटरांतलं एक लिटर वाफ होऊन गेलं, की उरलेलं जवळजवळ सहा अंशांनी उतरतं. गाळप हिवाळ्यातलं, त्यामुळे कोरड्या थंड हवेची साथ आपोआप मिळते.

पण उडालेलं पाणी परत येत नाही. २०१७ आणि २०१९ मध्ये एनटीपीसीच्या औष्णिक वीज प्रकल्पाचे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच सोलापूरजवळ सुरू झाले, तेव्हा हा हिशेब मोठा झाला. २०१५च्या केंद्रीय अधिसूचनेने कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक प्रकल्पांना विजेच्या युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली होती. उजनी धरणावर शेती, शहर आणि उद्योग असे सगळेच अवलंबून असताना हा प्रत्येक लिटर मोलाचा आहे.

म्हणूनच मला लहान-मध्यम कारखान्यांसाठी ॲडियाबॅटिक कूलर महत्त्वाचे वाटतात. यंत्राचं गरम पाणी बंद नळ्यांतून फिरतं. पंख्याने ओढलेली हवा आधी ओल्या पॅडमधून येते; पॅड चांगला असेल, तर ४० अंशांची हवा २६च्या जवळ उतरते आणि मग नळ्यांवरून जाते. पाणी फक्त पॅडला लागतं, तेही कडक उन्हातच. हिवाळ्यात आणि गार रात्री कोरड्या हवेवर भागतं. नळ्यांतलं पाणी उघड्यावर येत नसल्याने त्यात धूळ, शेवाळ जात नाही.

कूलिंग टॉवरइतकं थंड पाणी मात्र यातून मिळत नाही. ते पॅडमधून आलेल्या हवेपेक्षा काही अंश गरमच राहतं. प्लास्टिक मोल्डिंगच्या हायड्रॉलिक तेलाला, कॉम्प्रेसरला तेवढं पुरतं. बोअरचं जड पाणी वापरलं तर पॅडवर क्षारांचा थर बसतो आणि हवा अडते. त्यामुळे पॅडखालचं पाणी वेळोवेळी बदलणं आणि पॅड धुणं हे काम वेळापत्रकात घालावंच लागतं.