सूर्यमाला मैदानावर

पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर संपूर्ण सूर्यमाला बसवायची, तर ग्रहांचे आकार फुगवावे लागतात आणि अंतरे आखडावी लागतात. त्यामुळे ग्रह सूर्याजवळ दाटीवाटीने फिरतात, असा मुलांचा समज होतो. तो दूर करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे शाळेचे मैदान.

एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर, हे प्रमाण सोयीचे पडते. पुठ्ठ्यातून 14 सेंटिमीटर व्यासाची चकती कापली की सूर्य तयार. पृथ्वी होते राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, आणि ती ठेवायची सूर्यापासून 15 मीटरवर. चंद्र तिच्यापासून चार सेंटिमीटरही दूर नसतो. माणूस आजवर एवढेच अंतर गेला आहे! गुरू म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटरची गोटी, 78 मीटरवर. नेपच्यूनसाठी 450 मीटर चालावे लागते, म्हणजे बहुतेक शाळांत फाटकाबाहेरच. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, याच प्रमाणात सुमारे 4,000 किलोमीटरवर येतो. हा आकडा मुलांनी स्वतः गणित करून काढावा. सांगितलेल्यापेक्षा काढलेला आकडा पक्का बसतो.

ग्रह एका रांगेत उभे नसतात, हेही इथेच दाखवता येते. प्रत्येक ग्रहाला आपापल्या कक्षेत वेगवेगळ्या जागी उभे करायचे.

ऋतूंबाबतचा गैरसमज अधिक चिवट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, महाराष्ट्रात थंडी असताना. ऋतू अंतरामुळे नव्हे, तर पृथ्वीच्या सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेल्या अक्षामुळे होतात. मैदानात काठी रोवून तिची मध्यान्हीची सावली वर्षभर मोजली, की हे मुलांना स्वतःच्या नोंदींतून दिसते.