फुटायच्या आत क्लिक!

वीकेण्डला मॉल, मल्टिप्लेक्स आणि पुन्हा मॉल... कंटाळा आला ना? मग एक भन्नाट घरगुती उद्योग सांगते. एक बशी, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड आणि कॅमेरा. साबणाच्या फुग्यांचे क्लोजअप काढायचे!

मला हे वेड लागलं आचऱ्यात. मालवणच्या उत्तरेला, समुद्राकाठचं आमचं गाव. आजीच्या गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून ती कायमची डोंबिवलीला काकाकडे निघाली होती. घर आवरून कुलूप लावायचं काम माझ्याकडे. लहानपणी याच खळ्यात आम्ही पपईच्या पानाच्या पोकळ देठाने फुगे उडवायचो. या वेळी बॅगेत मॅक्रो लेन्स होती. म्हटलं, बघूया तरी!

फंडा सिंपल आहे. सहा भाग पाणी, एक भाग लिक्विड आणि मेडिकलमधून आणलेलं थोडं ग्लिसरीन. बशी ओली करा, स्ट्रॉ बुडवा आणि बशीतच हळूच फुंका. अर्धगोल फुगा जागच्या जागी बसतो. पंखा बंद हवा. कोरडं बोट लागलं की खेळ खल्लास! मागे काळं कापड, बाजूला खिडकी आणि खिडकीवर पांढरा पंचा. पंचा मस्ट, कारण उजेडाचं प्रतिबिंब पडतं तिथेच रंग खुलतात. ऑटोफोकस गोंधळतो, त्यामुळे मॅन्युअल ठेवा. अ‍ॅपर्चर एफ-८ किंवा एफ-११. मोबाइलवाल्यांना मॅक्रो मोड आहेच.

हे रंग येतात कुठून? फुग्याचा पडदा केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही पातळ. त्याच्या दोन्ही बाजूंवरून प्रकाश परततो. या दोन लाटा एकत्र येऊन काही रंग खुलवतात, काही पुसून टाकतात. जाडी बदलली की रंगही बदलतो. पाणी खाली ओघळतं, माथा पातळ होत जातो आणि शेवटी चक्क काळा पडतो. न्यूटनने १७०४च्या 'ऑप्टिक्स'मध्ये या काळ्या ठिपक्याबद्दल लिहून ठेवलंय. तो दिसला की समजा, फुगा आता कधीही जाईल.

एसीच्या कोरड्या हवेत पडद्यातलं पाणी पटकन उडतं. आचऱ्याची दमट हवा मात्र फुग्याला मस्त मानवते. ज्या चिकचिकीला आपण नावं ठेवतो, ती इथे कामाला आली!

शेवटच्या सकाळी वारा पडलेला होता. बशी खळ्यात सावलीला ठेवली. समोर उन्हात आजीचं घर. फुग्यात ते दोनदा दिसलं. पुढच्या फुगीर बाजूवर सरळ, मागच्या खोलगट बाजूवर उलटं. माथा काळा व्हायच्या आत तीन फ्रेम मिळाल्या.

"चेडवा, ह्यां काय चल्लाहा गो?" आजी दारातून. स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघत राहिली. आचऱ्याची गावपळण तुम्ही ऐकली असेल. दर काही वर्षांनी रामेश्वराच्या हुकमाने अख्खा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहतो आणि मग परततो. आजीने प्रत्येक गावपळण केलेली. एवढंच म्हणाली, "तेव्हा परत येवचा असता."

तो फोटो आता डोंबिवलीत तिच्या पलंगासमोर लावलाय. तुम्हीही या रविवारी बशी काढा. आणि फुग्यात काय दिसायला हवं, ते आधी ठरवा.