जांभ्या मातीतील सूक्ष्म विष : धोका कसा मोजावा?



राजापूर तालुक्यात आंबा-काजूच्या बागा आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी एकमेकींच्या शेजारी आहेत. येथे वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो व सच्छिद्र जांभ्यातून तो झपाट्याने मुरतो. म्हणूनच नॅनो कीटकनाशकांविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मानवी केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते. नॅनो कीटकनाशकात औषधाचे कण अतिसूक्ष्म केलेले असतात किंवा ते सूक्ष्म कुपीत बंद केलेले असते. ते हळूहळू बाहेर पडत असल्याने कमी मात्रा पुरते, हा लाभ. मात्र त्याच कारणाने ते मातीत अधिक काळ टिकू शकते. (नॅनो युरिया हे खत आहे, कीटकनाशक नव्हे.)

धोका मोजताना दोन गोष्टी पाहतात : पदार्थ किती विषारी आहे आणि तो शरीरात किती जातो. प्राण्यांना अपाय न करणारी मात्रा ठरवून माणसासाठी ती साधारणतः १०० पटींनी कमी धरतात. मग धूळ, अनवाणी पाय, मातीत खेळणारी मुले, विहिरीचे पाणी व फळे-भाज्या या वाटांनी जाणाऱ्या प्रमाणाशी तिची तुलना करतात.

नॅनो कणांची अडचण अशी की, नेहमीची तपासणी मातीतील एकूण औषध सांगते; कुपीत किती व मोकळे किती, हे सांगत नाही. कण जांभ्यातील लोहाला चिकटतील की पाण्याबरोबर विहिरीकडे जातील, हे कणांच्या आवरणावर व मातीच्या आम्लतेवर ठरते. म्हणून अन्य प्रदेशातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

केरळातील कासारगोड येथे काजूच्या बागांवर २००० सालापर्यंत अनेक वर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ मध्ये. ते औषध नॅनो नव्हते. परंतु मोजमाप आधी व्हावे, हा धडा त्यातून मिळतो. नॅनो कृषी-उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी केंद्र शासनाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

बागायतदारांनी १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसारचा नोंदणी क्रमांक पाहूनच औषध घ्यावे, विहिरीजवळ व पावसाच्या तोंडावर ते वापरू नये, मजुरांना हातमोजे व मुखपट्टी द्यावी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात प्रदूषणाचा फटका विशेषतः गरिबांना बसतो, याकडे लक्ष वेधले आहे. बागेत विषाचा पहिला स्पर्श मजुरालाच होतो. त्याची काळजी घेणे हाही शेजारप्रीतीचाच भाग आहे.