एक दिवस महाविद्यालयाच्या बाकावर



आमच्या भागातल्या आदिवासी वस्तीतून एखादे मूल कला शाखेत बारावी पास झाले, की पुढे काय हा प्रश्न घरात दोन-चार दिवसांत निकाली निघतो. पोलीस भरती, डी.एड., नाही तर सुरतेकडे काम. अधूनमधून एखादी मुलगी हळूच म्हणते, "मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचंय." मग घरचे, शेजारचे आणि कधीकधी शिक्षकसुद्धा तिच्याकडे बघत राहतात. हसून विषय संपवणारे जसे असतात, तसे "घे, घे, इंग्रजी आली की नोकरी पक्की" असे सांगून मोकळे होणारेही असतात. या विषयात नेमके काय शिकवतात, हे तिला कोणीच सांगत नाही.

आमच्या परिचयातली एक मुलगी काही वर्षांपूर्वी असाच विषय घेऊन एका महाविद्यालयात दाखल झाली. इंग्रजी बोलायला शिकवतील, अशी तिची समजूत होती. पहिल्याच महिन्यात समोर आले ते चारशे वर्षांपूर्वीचे नाटक आणि कवितेच्या छंदांची नावे. कोणाला विचारावे कळेना. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला निघाले, तीही निघाली आणि परत वर्गात गेली नाही. बुद्धी कमी पडली म्हणून हे झाले नाही. आत काय आहे, हे दार उघडण्याआधी तिला पाहायला मिळाले नव्हते.

चाखून बघण्याचा दिवस

इंग्लंडमधील विद्यापीठांत यासाठी एक साधी रीत आहे. शाळेत शिकणाऱ्या मुलांना एका विषयापुरते एक दिवस विद्यापीठात बोलावतात. याला तिकडे 'टेस्टर डे' म्हणतात. वरणात मीठ बरोबर आहे का, हे बघायला आपण थेंबभर तळहातावर घेतो, तसाच हा प्रकार. त्या दिवशी मुले खऱ्या प्राध्यापकाचा एक तास ऐकतात, लहान गटात बसून एखादी कविता वाचतात, ग्रंथालय पाहतात आणि तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलतात. प्रवेशाचे बंधन नसते आणि परीक्षाही नसते.

ज्यांच्या घरात आजवर कोणी विद्यापीठ पाहिले नाही, अशा मुलांसाठी तिकडे खास सोय करतात. सटन ट्रस्ट ही संस्था १९९७ पासून अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिरे भरवते. ऑक्सफर्ड विद्यापीठ सरकारी शाळांतील मुलांसाठी 'युनिक' नावाचा मोफत उपक्रम चालवते. गरीब घरातील मुलाची अडचण नुसती पैशाची नसते. "ही जागा माझ्यासाठी नाही" हा धाकही असतो, आणि तो एकदा आत जाऊन बसल्याशिवाय जात नाही, हे त्यांनी ओळखले आहे.

इंग्रजी आणि इंग्रजी साहित्य

मुलांना आधी सांगावी अशी गोष्ट म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बी.ए.ला सर्वांना असणारे कम्पल्सरी इंग्रजी वेगळे, आणि ज्याला आपल्याकडे स्पेशल इंग्रजी म्हणतात ते वेगळे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता मुख्य विषयाला 'मेजर' म्हणतात. त्यात कविता, नाटक, कादंबरी आणि समीक्षा यांचा अभ्यास असतो. व्याकरण आणि बोलणे त्याबरोबर सुधारते, पण अभ्यासाचा गाभा 'लिहिणाऱ्याने हाच शब्द का वापरला' या प्रश्नात असतो.

उदाहरण घेऊ. 'जातं' हा शब्द इंग्रजीत न्यायचा आहे. शब्दकोशात 'ग्राइंडस्टोन' सापडेल. त्यात दगड आला, पण पहाटेची वेळ, दोघींनी धरलेला खुंटा आणि दळताना म्हटलेली ओवी आली का? नाही आली, तर ती कशी आणायची? यावर तासभर बोलता येते, आणि जिच्या आजीने जात्यावर दळले आहे त्या मुलीला या तासाला सांगण्यासारखे पुष्कळ असते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी लिहून ठेवली गेली म्हणून १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि पुढे इंग्रजीतही गेली. आपल्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे.

धरणगाव आणि इंग्रजी

धरणगावात इंग्रजांची वखार सतराव्या शतकातच होती. पण इथल्या भिल्ल समाजाची इंग्रजीशी खरी गाठ पडली ती १८२५ मध्ये, जेम्स औट्रमने खानदेश भिल्ल पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावात ठेवले तेव्हा. म्हणजे इंग्रजी आली ती कवायतीची आणि हुकमाची भाषा म्हणून. ऐकायचे आणि पाळायचे, एवढाच तिच्याशी संबंध. आज दोनशे वर्षांनी त्याच वस्तीतील मूल त्या भाषेतली कविता वाचून "मला हे पटत नाही" असे वर्गात म्हणू शकले, तर तो बदल लहान नाही.

साहित्याची ओढही या मातीला परकी नाही. बालकवी ठोंबरे १८९० मध्ये धरणगावातच जन्मले आणि १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' हे नाव मिळाले. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, त्यात काही काळ धुळ्यातही, आणि लिहिले मराठीत. शहादा भागातील वाहरू सोनवणे यांनी भिली बोलीत कविता लिहिल्या. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा, आणि त्यांची कविता इंग्रजीतही पोहोचली आहे. बडोद्यात इंग्रजीचे प्राध्यापक असलेले गणेश देवी तर नोकरी सोडून आदिवासी भाषांच्या कामाला लागले आणि तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी राहिली. इंग्रजी शिकले की आपली बोली सुटते, या समजुतीला ही माणसे उत्तर आहेत.

आपण असा दिवस कसा घडवावा

यासाठी सरकारी योजनेची वाट पाहायची गरज नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांचे एक पत्र, महाविद्यालयाच्या प्राचार्यांची परवानगी आणि इंग्रजी विभागातील एक उत्साही शिक्षक, एवढे पुरते. काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, वेळ. कापूस वेचणी आणि ऊसतोडीच्या दिवसांत मुले वस्तीवर नसतात. ऑगस्ट-सप्टेंबर बरा. बारावीपर्यंत थांबू नये, दहावी-अकरावीची मुले न्यावीत.

दुसरी, जागा. आपल्या विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. पण बी.ए.चे वर्ग संलग्न महाविद्यालयांत भरतात. म्हणून पहिली भेट महाविद्यालयाची असावी. जिथे जायचे तिथे स्पेशल इंग्रजी हा विषय आहे ना, हे आधी विचारावे. गिरणेकाठचे विद्यापीठ नंतर दाखवावे, म्हणजे एम.ए.पर्यंतची वाट मुलांच्या डोळ्यांसमोर येते.

तिसरी, दिवसाची आखणी. सकाळी एक चालू तास, मुलांसाठी सोपा न केलेला, जसा असतो तसा. मग आठ-दहा जणांच्या गटात एक छोटी कविता. उत्तर मराठीत, अहिराणीत, पावरीत दिले तरी चालेल, हे शिक्षकाने सुरुवातीलाच सांगावे. जेवणानंतर ग्रंथालय. शेवटी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांशी गप्पा, आणि त्या वेळी शिक्षकांनी बाहेर बसावे. खरे प्रश्न तेव्हाच निघतात: मेसचा खर्च किती, नापास झालो तर काय, हसतात का?

चौथी, पालक. शक्य झाल्यास प्रत्येक मुलीबरोबर आई किंवा मोठी बहीण न्यावी. वसतिगृह डोळ्यांनी पाहिलेली आई मुलीला पाठवायला लवकर तयार होते.

पाचवी, कागदपत्रे. त्याच दिवशी कार्यालयातील माणसाकडून अर्धा तास मागून घ्यावा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे आणि अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून निवास व भोजनासाठी रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते. जळगाव जिल्ह्यासाठी यावलचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय याचे काम पाहते. जातीच्या दाखल्याची आणि वैधता प्रमाणपत्राची तयारी अकरावीतच सुरू करावी, कारण प्रवेशाच्या आठवड्यात ती होत नाही. हुशार मुलांना केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी ही प्रवेश परीक्षाही सांगून ठेवावी. ती २०२२ पासून सुरू आहे.

'नाही' हेही उत्तर आहे

अशा भेटीनंतर सर्व मुले इंग्रजीच घेतील, असे समजू नये. आमच्याबरोबर एका वर्गात बसून आलेला मुलगा परतताना एसटीत म्हणाला, "ताई, हे माझं नाही. मला इतिहास आवडेल." त्याने इतिहास घेतला आणि तो तिथे रमला आहे. त्याचे एक वर्ष वाचले, आणि गरीब घरातल्या मुलाला वाया घालवायला जास्तीचे वर्ष नसतेच.

नोकरीबाबतही मुलांना सरळ सांगावे. नुसत्या पदवीने शाळेत लागता येत नाही, बी.एड. लागते. महाविद्यालयात शिकवायचे तर एम.ए. आणि नेट किंवा सेट. भाषांतर, पत्रकारिता, कायदा आणि स्पर्धा परीक्षा या वाटाही खुल्या आहेत, पण प्रत्येक वाटेला कष्ट आहेत. खोटी आशा दाखवून नेलेले मूल दुसऱ्यांदा आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

वाचकांपैकी कोणी निवृत्त इंग्रजी शिक्षक असतील, तर भेटीच्या आदल्या दिवशी वस्तीवर येऊन मुलांबरोबर तासभर एक कविता वाचावी. कोणाला दहा मुलांचे जाण्यायेण्याचे एसटीभाडे देता येईल, कोणाची मुलगी महाविद्यालयात शिकत असेल तर ती दिवसभर सोबत राहू शकेल. येत्या ऑगस्टमध्ये पहिला गट नेण्याचा विचार आहे. नाव देण्यासाठी वस्तीवरच्या आपल्या कार्यकर्त्यांना भेटावे. मुलगी पुढे विचारत नसेल, तर तिच्या वतीने तुम्ही विचारा.