रूटपर्यंतच्या वाटा : तपासणी स्क्रिप्टांचा मागोवा

साध्या खात्यातून रूटचे, म्हणजे संगणकावरचे सर्वोच्च अधिकार बळकावण्याची शक्यता युनिक्सच्या रचनेतच होती. डेनिस रिची यांच्या सेटयूआयडी सोयीमुळे प्रोग्रॅम कोणीही चालवला, तरी तो फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. सामान्य वापरकर्त्याला स्वतःचा पासवर्ड बदलता येतो तो यामुळेच. मात्र रूटच्या मालकीचा असा प्रत्येक प्रोग्रॅम निर्दोष असावा लागतो.

रूटपर्यंत नेणाऱ्या त्रुटी हुडकणारा पहिला गाजलेला संच म्हणजे ‘कॉप्स’. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात डॅन फार्मर यांनी जीन स्पॅफर्ड यांच्यासह 1989च्या सुमारास तो सिद्ध केला. बहुतांश शेल स्क्रिप्टांचा हा संच कच्चे पासवर्ड, सर्वांना लिहिण्यास मोकळ्या फाइली, सेटयूआयडी प्रोग्रॅम यांची यादी देई. त्यातला ‘कुआंग’ हा भाग सर्वांत बुद्धिमान. रॉबर्ट बाल्डविन यांच्या एमआयटीतील कामावर बेतलेला कुआंग उलटा विचार करी: रूट व्हायचे तर कोणती फाइल बदलावी लागेल, ती कोणाला बदलता येते आणि त्याचे खाते कोणाच्या हाती लागू शकते? समजा, ठरल्या वेळी कामे चालवणारा ‘क्रॉन’ रोज रात्री रूटच्या नावाने बॅकअपची स्क्रिप्ट चालवतो आणि त्या स्क्रिप्टवर सर्वांना लिहिण्याची परवानगी आहे. मग कोणीही तीत एक ओळ घालून सकाळपर्यंत रूट होऊ शकतो. आजही तपासणीत हा दोष सापडतो.

पुढे 2007 मध्ये ‘लिनिस’ आणि 2019 मध्ये ‘लिनपीज’ ही अशीच तपासणीची साधने आली. तपासण्या वाढल्या, विचारसरणी तीच राहिली.

तिची मर्यादा जानेवारी 2022 मध्ये उघडी पडली. पुण्यात मोठे केंद्र असलेल्या क्वालिस कंपनीच्या संशोधन पथकाने लिनक्सवर अधिकारांचे नियंत्रण करणाऱ्या पोलकिटमधील ‘पीकेएक्झेक’चा दोष जाहीर केला. हा प्रोग्रॅम स्वतःच्या नावासकट एकही आर्ग्युमेंट न देता सुरू केला, की तो शेजारच्या स्मृतीतले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आर्ग्युमेंट समजून वाची आणि तेच पुन्हा लिही. त्या वाटेने रूट मिळे. चूक मे 2009पासूनची. सेटयूआयडीच्या यादीत पीकेएक्झेकचे नाव वर्षानुवर्षे येत होते, पण ते तिथे असणे रीतसरच होते. स्क्रिप्ट परवानग्या वाचते, प्रोग्रॅमच्या आतले तर्क वाचत नाही. त्यामुळे अहवाल स्वच्छ आला म्हणून यंत्रणा सुरक्षित मानणे चूक आहे. पॅच येईपर्यंतचा तात्पुरता उपाय मात्र परवानगीचाच होता: त्या फाइलचा सेटयूआयडी बिट काढणे.

गुहागर तालुक्यात वेळणेश्वरला 2012 साली सुरू झालेल्या महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांना हा विषय जवळचा आहे. शिकण्याच्या प्रयोगशाळेत एकेका संगणकावर अनेकांचा हात फिरतो, म्हणून धोका बाहेरच्या जाळ्याइतकाच आतल्या साध्या खात्यातूनही संभवतो. तपासणी विद्यार्थ्याला मिळते तशाच खात्यातून करावी. रूटमधून केली तर सगळीच दारे उघडी दिसतात. स्क्रिप्ट चालवण्याआधी तिचा मजकूर वाचावा, नंतर पॅकेजांच्या आवृत्त्या सुरक्षा सूचनांशी ताडून पाहाव्यात आणि संस्थेची लेखी परवानगी आधीच घ्यावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरल्यास कलम 43 खाली भरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्यास कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.