डोंगर रिकामा केल्यावर

नाशिककरांना देवळालीच्या तोफा ऐकून माहीत असतात. भगूर किंवा देवळाली कॅम्पात दुपारी धडधड सुरू झाली की तावदानं थरथरतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘फायरिंग चालू आहे.’ त्यापलीकडे कुणी विचार करत नाही. तोफखाना विद्यालयाचं ‘तोफची’ हे वार्षिक प्रात्यक्षिक जानेवारीत पाहायला मिळालं, तेव्हा या आवाजामागचं काम पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. मंडपात लष्करी अधिकारी होते, नेपाळी सैन्यातले पाहुणे होते आणि शाळा-कॉलेजांतली पुष्कळ मुलं होती.

आधी नळीच्या तोंडाशी जाळ दिसतो. मग बार ऐकू येतो, आणि तो कानांपेक्षा छातीत जास्त बसतो. पुढची काही सेकंदं काहीच घडत नाही, कारण गोळा वाटेत असतो. एकाएकी समोरच्या उतारावर मातीचा लोट उठतो. स्फोटाचा आवाज त्याच्याही नंतर येतो. ध्वनीला तीन किलोमीटर कापायला नऊ सेकंदं लागतात, त्यामुळे घाव आधी दिसतो आणि त्याची हाक मागाहून पोचते.

तोफ डागणाऱ्याला सहसा लक्ष्य दिसत नाही. ते दिसतं पुढे टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेल्या निरीक्षकाला. तो वायरलेसवर जागा कळवतो. मागे गणित मांडलं जातं. त्यात अंतर आणि उंचीतला फरक तर असतोच, शिवाय वारा, हवेचं तापमान, दारूचं तापमान आणि नळीची झीजही धरावी लागते. मग तोफेवरची तुकडी 155 मिलिमीटरचा, चाळीस किलोहून जड गोळा भरते. पहिला गोळा पडतो, निरीक्षक दुरुस्ती सांगतो: इतकं डावीकडे, इतकं पुढे. नेम जुळला की सगळ्या तोफा एकदम बोलतात. मारणारा आणि पाहणारा यांच्यात कित्येक किलोमीटरचं अंतर असतं. दोघांना जोडणारे असतात फक्त आकडे आणि एकमेकांवरचा विश्वास.

एकेक तोफ समोर येत गेली. कारगिलमध्ये नाव कमावलेली बोफोर्स, जबलपूरला तयार होणारी धनुष, हजीऱ्यात बांधलेली रणगाड्यासारखी वज्र. हेलिकॉप्टरं कमी उंचीवरून गेली. 44 सेकंदांत बारा रॉकेटं सोडू शकणारं पिनाक सुरू झालं, तेव्हा मुलं उभी राहून ओरडली. मीही टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या. इतक्या माणसांचं काम सेकंदांच्या हिशोबात जुळताना पाहिलं की आदर वाटतोच.

पण त्या दिवसातलं एक मोठं काम मंडपातून दिसत नव्हतं. ते पहिल्या बाराच्या कितीतरी आधी उरकलेलं होतं. समोरचा डोंगर रिकामा करण्यात आला होता. फायरिंगसाठी 1938 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार क्षेत्र अधिसूचित करावं लागतं, गावांना आगाऊ कळवावं लागतं, माणसं आणि गुरं बाहेर ठेवावी लागतात, नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. गुराख्याला त्या दिवशी दुसरं रान शोधावं लागतं, सरपण आणणाऱ्या बाईला वाट बदलावी लागते. कुठे, कोणत्या मर्यादेत मारा करायचा हे नकाशावर आधीच आखलेलं असतं. न फुटलेला गोळा राहिला, तर तोही नंतर शोधून निकामी केला जातो.

एवढं करूनही दारू ती दारूच. ऑक्टोबर 2024 मध्ये याच देवळालीत सरावाच्या वेळी गोळा फुटून दोन तरुण अग्निवीर गेले. शत्रू नव्हता, युद्ध नव्हतं, चहूबाजूंनी नियम होते, तरीही.

युद्धात हे नियम कुठे असतात? 1999 मध्ये कारगिलच्या शिखरांवर आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. तो मारा नसता, तर उघड्या कड्यांवरून चढणारे आणखी कितीतरी जवान परतले नसते. तोफा नकोतच, असं मला म्हणता येत नाही. पण मे 2025 मध्ये सीमेपलीकडून पूंछ शहरावर गोळे पडले आणि घरांत, रस्त्यांवर सामान्य माणसं मेली. त्यांत शाळकरी मुलं होती. त्यांना कुणी आगाऊ सूचना दिली नव्हती. पूंछच्या आणि देवळालीच्या गोळ्यामागचं शास्त्र एकच. फरक इतकाच, की इथे डोंगर रिकामा केला होता आणि तिथे गाव भरलेलं होतं.

म्हणून मुलांना तोफा जरूर दाखवाव्यात. गणित दाखवावं, शिस्त दाखवावी, जवानांचा घाम दाखवावा. पण त्यांना हेही सांगावं, की इथे पहिला बार होण्याआधी माणसं बाजूला नेली होती आणि युद्धात गोळ्याखालच्या माणसाला ती सवड मिळत नाही. हे ज्या मुलाला कळेल, ते सैनिकाचा मान राखेल, आणि उद्या चारचौघांत कुणी युद्धाची आरोळी ठोकली, तर समोरच्या डोंगरावर कोण राहतं, हे आधी विचारेल.